'रेप्टाइल सेफ' लाकडाचे १,८०० रुपये

लातूरला आमच्या घरी एक इग्वाना, म्हणजे मोठा परदेशी सरडा, आहे. गल्लीत सगळे त्याला घोरपडच म्हणतात. घोरपड पाळणं गुन्हा आहे, हा परदेशी प्राणी आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर याची नोंद केली आहे, हे सांगून सांगून मी थकलो. असो. त्याला चढायला जाड फांदी लागते. शेतात लाकडं ढिगानं पडलीत, पण ती धुवा, उकळा, वाळवा, एवढं कोण करत बसणार म्हणून मागच्या उन्हाळ्यात विकतचं मागवलं.

व्हॉट्सॲपवर एकानं फोटो टाकला होता. 'नाथसागराच्या पाण्यात मुरलेलं ड्रिफ्टवुड, ओव्हनमध्ये भाजून निर्जंतुक केलेलं, रेप्टाइल सेफ', म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांना सुरक्षित. झाड कोणतं म्हणून विचारलं तर म्हणाला, "दादा, जंगली आहे, एकदम टणक." चार फुटी लाकूड कोणत्या ओव्हनमध्ये बसलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तिथं पक्षी अभयारण्य आहे, तिथलं लाकूड असं उचलून विकता येतं का, हेही नाही.

पैसे यूपीआयनं दिले, लाकूड ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आलं. गडद, गुळगुळीत, देखणं. ओल्या फडक्यानं पुसून पिंजऱ्यात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी गड्यानं पाला खाणं सोडलं. डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहायचा. पिंजरा उघडला की रॉकेलसारखा उग्र दर्प यायचा. डॉक्टर म्हणाले, आधी लाकूड बाहेर काढा. वरून बल्बची ऊब, पिंजरा बंद, मग लाकडाला जे लावलंय त्याचा वास आतच कोंडणार. त्यात इग्वाना प्रत्येक गोष्टीला जीभ लावत फिरतो.

रात्री ते लाकूड कढत पाण्यात टाकलं. पाणी तपकिरी झालं. विक्रेता म्हणे, "टॅनिन आहे दादा, सगळ्याच लाकडाचं उतरतं." हे निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्यावरच त्याचा धंदा चालतो. टॅनिन लाकडात मुळातच असतं, त्याचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, या पाण्यावर तेलकट तवंग होता. नखानं खरवडलं तर पॉलिशचा पापुद्रा निघाला, खाली वाळवीनं पोखरलेलं लाकूड. ओळखीच्या सुतारानं नुसता वास घेतला आणि म्हणाला, "वाळवीचं औषध चोपडलंय याला." तसे फोटो विक्रेत्याला पाठवले, तर त्यानं मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, पैसे अजून आले नाहीत.

आता पिंजऱ्यात शेतातल्या पेरूची फांदी आहे, कधीच फवारणी न झालेल्या झाडाची. साल सुटत होती ती काढली, ताठ ब्रशनं घासली, आईची बोलणी खात तिच्या मोठ्या पातेल्यात एकेक टोक उकळलं, पाणी दोनदा बदललं आणि मेच्या उन्हात आठ दिवस वाळवली. फिनेल लावू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांना ते विषारी असतं. कण्हेर, रुई, शेर यांच्या वाटेला जाऊ नका, आणि खोक्यांचं राळेच्या वासाचं पाइनही नको. इग्वाना आठवड्याभरानं खायला लागला.

काल तोच फोटो दुसऱ्या नंबरवरून आला. किंमत आता २,२०० आहे.