फ्लोट ट्यूबचा घरगुती साज: काय जमतं, काय उगाच

फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरून तिच्यात बसायचं आणि पाय मारत गळाने मासे धरायचं तरंगतं आसन. बाजारातल्या यू आकाराच्या फ्लोट ट्यूबबरोबर खिसे येतात, पाठीला टेका येतो, बहुतेकदा मांडीवर ओढायचं जाळीदार एप्रनही येतं. रॉड (गळाची काठी) ठेवायला मात्र वेल्क्रोची एखादी पट्टी. नांगर आणि फिशफाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) बैठक वेगळी विकत घ्यायची, नाहीतर घरी करायची. घरी केलेल्यातला रॉड होल्डर उत्तम होतो, नांगर विकतच्यापेक्षा सोयीचा पडतो, फिशफाइंडरची बैठक कामचलाऊ आणि एप्रनचा खटाटोप उगाच.

पाइप कापून जोडणं कुणालाही जमतं. कस लागतो तो कडक वस्तू मऊ ट्यूबवर बसवताना. उन्हात टम्म फुगलेली ट्यूब थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, ट्यूब मऊ पडते आणि काठावर करकचून आवळलेली पट्टी ढिली होते. मग होल्डर हळूहळू कुशीवर फिरतो आणि रॉडचं टोक पाण्याला लागतं. दोष होल्डरचा नसतो. पट्ट्या दोनदा आवळायच्या: एकदा काठावर, दुसऱ्यांदा पाण्यात दहा मिनिटं गेल्यावर. बाहेर आल्यावर उलटं. ट्यूब उन्हात टाकण्याआधी पट्ट्या सोडायच्या आणि थोडी हवाही काढायची, नाहीतर शिवणीवर ताण येतो.

होल्डरसाठी नळकामाचा 40 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा. स्पिनिंग रॉडची मूठ त्यात आरामात जाते. लांबी 25 ते 30 सेंमी. वरच्या तोंडाला रीलच्या दांडीसाठी 15 मिमी रुंद आणि 8 सेंमी खोल खाच पाडायची. ही खाच नसेल तर रील पाइपच्या तोंडावर टेकून राहतं, मूठ आत जात नाही आणि मासा लागताच रॉड उडतो. खाचेच्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. खाली 45 अंशांचा एल्बो लावला की रॉड बाहेरच्या बाजूला कलता राहतो. तोंड जरा फाकवायचं असेल तर पाइप उकळत्या पाण्यात धरून बाटलीचा गळा आत दाबावा. ज्वाळेवर धरू नये: पाइप करपतो आणि निघणारा धूर फुप्फुसांना वाईट असतो.

होल्डरची बैठक म्हणजे स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड, 10 ते 12 मिमी जाड, कापून 20 बाय 12 सेंमी. सगळ्यात जास्त होल्डर इथेच फसतात. बोर्ड पॉलिथिलीनचा असतो आणि त्याला सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाइप जोडायचा गोंद) धरत नाही. घरी घट्ट वाटलेला जोड दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सुटतो. पाइपचा फ्लँज (तळाची चकती) बोर्डावर 6 मिमीच्या स्टेनलेस बोल्टनेच कसायचा, नायलॉक नट (आपोआप ढिला न होणारा) आणि रुंद वॉशर लावून. बोल्टचं डोकं खालून बोर्डात बुडवायचं आणि त्यावर 5 मिमीचा फोम चिकटवायचा, नाहीतर डोकं ट्यूबच्या कापडाला घासत राहतं. कोपरे गोल करणं विसरू नये. पाइप ते एल्बो हा जोड सिमेंटचाच, पण सिमेंट लावून पाव वळसा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरावा आणि 24 तास हात लावू नये. हे सिमेंट ट्यूबवर ठिपकाभरही पडता कामा नये, ते पीव्हीसी विरघळवतं.

बोर्डाला चार खाचा आणि त्यातून 25 मिमीच्या दोन पट्ट्या. पट्टी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी, नायलॉनची भिजली की ताणते. ट्यूबच्या कव्हरला डी-रिंगा असतील तर पट्टी त्यातूनच ओवावी, म्हणजे होल्डर फिरत नाही. आपल्याकडे धरणांवर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात, तशी ट्यूब वापरणाऱ्यांना डी-रिंग मिळत नाही आणि ओल्या रबरावर पट्टी सरकते. तिथे बोर्डाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून तिसरी पट्टी आडवी, समोरच्या कडेपर्यंत न्यावी लागते. शिवाय ट्रकच्या ट्यूबचा लांब व्हॉल्व्ह अंगाला टोचतो, तो फडक्याने गुंडाळून खाली वळवावा.

नांगराला विकतचं वजन नको. जाड नायलॉनच्या जाळीची पिशवी, काठावर आल्यावर त्यात दोन-अडीच किलो गोटे, निघताना गोटे तिथेच. गोणपाटाची पिशवी भिजत-वाळत कुजते, ती टाळावी. दोरीचं मात्र पट्टीच्या उलट: इथे पॉलिप्रॉपिलीन नको, नायलॉनच हवी. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, सैल पडलेली दोरी पायातल्या फिन्सभोवती (पोहण्याच्या पंखांभोवती) गुंडाळते आणि तंगूसमध्येही (गळाच्या दोरीतही) अडकते. नायलॉन बुडतं. 4 ते 5 मिमी जाडी पुरते, लांबी खोलीच्या तिप्पट ठेवावी. कमी सोडली तर पिशवी तळावरून ओढत येते.

दोर टेक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. फिन्स मारत माणूस पाठीच्या दिशेनेच जातो, आणि मागून नांगर धरला की पाठ वाऱ्याकडे राहते, तोंड आपोआप वारा जातो त्या दिशेला येतं, फेक वाऱ्यासोबत जाते. बाजूला बांधला की ट्यूब गोल गोल फिरत राहते. दोर गाठ मारून बांधू नये. हाताच्या टप्प्यात, एका झटक्यात सुटणारं क्लीट (दोर अडकवायची खुंटी) हवं. वाहत्या पाण्यात नांगर टाकायचाच नाही, दोर ट्यूबचा मागचा भाग खाली खेचतो आणि मागून पाणी चढतं. मुळात वाहत्या पाण्यात फ्लोट ट्यूबच नेऊ नये.

फिशफाइंडरसाठी 20 मिमी पाइपचा एल आकार करून ट्रान्सड्यूसर (यंत्राचा पाण्यात लहरी सोडणारा भाग) पाण्याखाली 10 ते 15 सेंमी राहील असा बांधतात. चालतं, पण पाय मारताना बुडबुडे आले की पडद्यावर कचरा दिसतो, म्हणून तो फिन्सपासून शक्य तेवढा दूर बसवावा. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोंच्या आसपास भरते. ती एका बाजूच्या खिशात टाकली की ट्यूब कलते, म्हणून सीटच्या मागे मधोमध, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. वायरमध्ये फ्यूज नसेल तर हा भाग करूच नये. अर्धा अँपिअर खाणाऱ्या यंत्राला हिशेबाने 14 तास निघतात, प्रत्यक्षात नऊ-दहा धरून चालावं.

एप्रनसाठी लोक मच्छरदाणीची जाळी शिवतात. तिच्या भोकात गळ अडकतात, आणि पुढच्या कडेला फोमची नळी नसेल तर ओढून घेतलेली लाइन (तंगूस) घसरून पाण्यात जाते. विकतचं बरं. घरी केलंच, तर ते वेल्क्रोनेच लावावं. शिवून किंवा बांधून टाकलेलं एप्रन अडचणीच्या वेळी मांडीवरून हटत नाही.

गळ आणि लूर अडकवायला पोहण्याच्या फोमच्या नळीचा वीतभर तुकडा होल्डरशेजारी बांधला की पुरे, मोकळा गळ ट्यूबला टेकत नाही. होल्डरचा सगळा खर्च काहीशे रुपयांत बसतो. लाइफ जॅकेट आणि फिन्स मात्र चांगल्या दुकानातूनच घ्यावेत, तिथे पाइप आणि बोर्डाचं काम नाही.