कोलंबो की माले? काजू-कोकमवाल्यांनी आधी कुठे माल पाठवावा

कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हल्ली बरेच जण विचारतात, दुबई झाली, आता शेजारची बेटं, म्हणजे श्रीलंका आणि मालदीव, कशी आहेत? आयईसी (निर्यातदाराचा कोड), एफएसएसएआय (अन्न परवाना), अपेडा (शेतमाल निर्यात संस्थेची नोंदणी) हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून लिहितो. आणि बोलतो ते काजूगर, आमसूल-आगळ आणि हापूसचा पल्प एवढ्यापुरतंच, कारण मी तेवढंच पाठवतो. मसाले किंवा मासळीवाल्यांचा अनुभव अगदी उलटा असू शकेल.

कागदावर श्रीलंका सरळ पुढे आहे. भारताशी मुक्त व्यापाराचा करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून लागू आहे. कोलंबो हे मोठं बंदर, त्यामुळे न्हावा शेव्याहून बोटी भरपूर आणि अर्ध्यामुर्ध्या डब्याचा (कंटेनरचा) मालही सहज निघतो. (आमच्या दारात समुद्र आहे, पण चार पेट्या बाहेर पाठवायच्या तर आधी मुंबई-गोवा हायवेने उरणपर्यंत ट्रक न्यायचा. तो विषय इथे काढत नाही.) शिवाय लंकेत आमसूल समजावून सांगावं लागत नाही. तिथे माशाच्या कालवणात गोरका घालतात, तो आपल्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. कोलंबोच्या पेटा बाजारातल्या एका घाऊकवाल्याने नमुन्याच्या पिशवीतून एक आमसूल काढलं, नखाने टोकरलं, जिभेवर ठेवलं आणि थेट विचारलं, मीठ किती टक्के? मालेत, म्हणजे मालदीवच्या राजधानीत, मी अजून कोकम म्हणजे काय इथपासून सुरुवात करतो.

मग अडलं कुठे? एका साध्या प्रश्नावर. कोलंबोचं गिऱ्हाईक विचारतं, "माझ्या दुकानात येईपर्यंत किलोला काय पडेल?" याचं छातीठोक उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. करारातली सवलत फक्त कस्टम ड्युटीवर. तिच्यापलीकडे काही वस्तूंवर सेस, वर बंदर आणि विमानतळाची लेव्ही, आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के व्हॅट. म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातलाच असल्याचा दाखला) फाइलला लावून 'ड्युटी शून्य' म्हणत आपण खूश असतो, आणि माल सुटताना बिल भलतंच निघतं. एका खेपेला तिकडच्या क्लिअरिंग एजंटने माल निघण्याआधी एक आकडा सांगितला, बोट लागल्यावर दुसरा आणि पेट्या सोडवताना तिसरा. माणूस लबाड नव्हता हो. आमसूल सुकं फळ धरायचं की मसाल्यात टाकायचं, यावरच तिकडे खल चालला होता, आणि वस्तूचा कस्टमचा कोड बदलला की सगळी बेरीज बदलते. गिऱ्हाइकाने वरचा फरक माझ्या बिलातून वळता केला. पुढच्या वेळी मी तेवढा फरक आधीच धरून भाव दिला, तर म्हणाला, तुमचा रेट वाढला. दोन्ही बाजूंनी मीच वाईट.

चार पैसे कमी सुटले तर चालतं, पण भाव सांगताना जीभ अडखळली की धंद्याची मजा जाते. त्यात शेतमालातली बरीच नावं करारातल्या निगेटिव्ह लिस्टमध्ये आहेत, तिथे तर सवलतच नाही. आपला कोड आधी तपासून घ्या. २०२२ मध्ये लंकेची परकीय गंगाजळी आटली तेव्हा शेकडो वस्तूंची आयातच थांबवली होती. पुढच्या वर्षी बंधनं टप्प्याटप्प्याने उठली, आज परिस्थिती बरीच सावरली आहे असं व्यापारी म्हणतात, आणि ते खरंही असेल.

आणखी एक गोष्ट मनात राहते. करार दोन्ही बाजूंनी चालतो. लंकेची मिरी सवलतीत येऊन इथला भाव पाडते, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राला मिरीच्या आयातीवर किलोला ५०० रुपयांची किमान किंमत लावावी लागली. सुपारीचीही रड तीच. तिची किमान किंमत २०२३ मध्ये ३५१ रुपयांवर नेली. आमच्या काकांची सुपारीची बाग आहे. मी कोलंबोला काजू पाठवला की ते चेष्टेत विचारतात, "येताना बोट रिकामी येतली मा?"

मालदीवहून आपल्या बागायतदाराला नडेल असं काहीच येत नाही. मुख्यतः भंगार धातू येतो. तिकडे मात्र जवळजवळ सगळंच बाहेरून जातं. बेटं बाराशेच्या आसपास, शेतजमीन नावापुरती, वस्ती पाच लाखांच्या घरात, आणि २०२४ मध्ये पर्यटक आले वीस लाखांवर. हे वीस लाख रोज नाश्ता करतात, आणि रिसॉर्टच्या भटारखान्यात आपल्याकडचे शेफ भरपूर आहेत. त्यांना ३२० नंबरचा काजू म्हणजे काय, हापूसचा पल्प आणि तोतापुरीचा पल्प यात फरक काय, हे सांगावं लागत नाही.

संबंध कसे, असं विचाराल तर जानेवारी २०२४ मध्ये सोशल मीडियावर मालदीवविरोधी बहिष्काराचा किती गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्याच एप्रिलमध्ये भारताने १९८१ च्या व्यापार कराराखाली मालदीवसाठी तोवरचा सर्वांत मोठा कोटा मंजूर केला: कांदा ३५,७४९ टन, तांदूळ १,२४,२१८ टन, शिवाय अंडी, साखर, गव्हाचं पीठ, नदीची वाळूसुद्धा. नाशिककरांचा कांदा तेव्हा निर्यातबंदीत अडकला होता, हे लक्षात घ्या. लंकेलाही त्या काळात खास परवानगीने कांदा गेला, पण मालदीवचा कोटा त्या जुन्या कराराच्याच आधाराने ठरतो. आपला काजू-पल्प या कोट्यात येत नाही, तरी ज्या देशाचं रोजचं जेवण आपल्याकडून जातं तिथला व्यापारी फोन उचलतो, एवढं मी पाहिलं आहे.

मालेचे त्रास वेगळे. पहिला त्रास प्रवासाचा: डबा बहुधा कोलंबोलाच बोट बदलतो, म्हणजे लंका टाळून लंकेतूनच जायचं. तिथे चार दिवस जास्त लागले तर आरडाओरडा करून उपयोग नाही. दुसरा त्रास पॅकिंगचा. माले बंदरातून माल रिसॉर्टकडे जाणाऱ्या धोणीत (तिकडच्या बोटीत) जातो तो माणसांच्या हातांनी. आमचे मोठे खोके ओल्या धक्क्यावर ठेवलेले, खालून पुठ्ठा भिजून फुगलेला, असा फोटो एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तेव्हापासून एक माणूस एका हातात उचलेल एवढाच खोका, आत प्लॅस्टिकचं अस्तर, आणि पल्पचे ८५० ग्रॅमचेच डबे. मोठे डबे स्वस्त पडतात, पण तिकडचा शेफ उघडलेला डबा दुसऱ्या दिवशी वापरत नाही.

तिसरा आणि खरा त्रास पैशाचा. तिथे डॉलरची चणचण असते, त्यामुळे बिल तुकड्यातुकड्यांनी चुकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँक आणि मालदीवच्या मध्यवर्ती बँकेत रुपया-रुफियात व्यवहार करण्याचा समझोता झाला आहे. मी आमच्या शाखेत विचारलं तर साहेबांनी मुंबईला फोन लावला, मुंबईने ईमेल करा म्हटलं. रुळायला वेळ लागेल. पण उशिरा येणारी रक्कम निदान ठरलेली असते. मालेवाला मला बंदरापर्यंतचा भाव विचारतो, पुढची ड्युटी तो स्वतः मोजतो. कोलंबोच्या त्या तीन आकड्यांनंतर मला हे फार सोपं वाटतं.

हंगामाचंही जरा बघा. मालदीवची गर्दी नोव्हेंबर ते एप्रिल, आपला पल्प बनतो मे महिन्यात. म्हणजे पावसाळाभर माल सांभाळायचा आणि सप्टेंबरच्या अखेरीला काढायचा. गोदामाचं भाडं भावात धरा. लंकेत काजूला उठाव एप्रिलच्या नववर्षाला, तेव्हा आपला नवा काजू अजून सोलायचाच असतो.

मॉरिशसचं नाव निघतंच. करार एप्रिल २०२१ पासून आहे, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी आहे, कोकणातून गेलेल्यांची घरं आहेत. प्रेमाने बोलतात. पण अंतर मोठं आहे, आणि पूर्ण कंटेनर भरण्याएवढा माल नसेल तर वाहतूकच नफा खाते. मोठ्या कारखान्यांनी जरूर बघावं.

तुमचा माल मुख्यतः आमसूल असेल आणि कोलंबोत ओळखीचा, भरवशाचा क्लिअरिंग एजंट असेल, तर लंकाच धरा, मी अडवणार नाही. काजू आणि पल्प असेल तर मालेपासून सुरुवात करायला हरकत नसावी: पहिल्या मालाला निम्मे पैसे आगाऊ, बाकीवर ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा, आणि सॅम्पलचे डबे थेट रिसॉर्टला न पाठवता मालेतल्या पुरवठादाराकडे, कारण धोणी त्याची असते.