मागच्या ओट्याचं सरकतं दार: भाव फुटावर ठरवावा की किलोवर?

ॲल्युमिनियमच घ्यायचं हे ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) दार कारखान्यातून वेल्डिंग होऊनच येतं, तिथे चौरस फुटाचा भाव आणि त्यावरची घासाघीस एवढंच आपल्या हातात असतं. (जळगाव पाइपांचं गाव, म्हणून यूपीव्हीसी इथे स्वस्त पडेल असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पाण्याचा पाइप आणि दाराचं प्रोफाइल यांचा तसा काही संबंध नाही. मला मिळालेला भाव ॲल्युमिनियमच्या दीडपट होता.)

ॲल्युमिनियमचं काम मात्र दोन तऱ्हांनी देता येतं. एक म्हणजे उक्तं: फॅब्रिकेटर माप घेतो, चौरस फुटाला अमुक इतके म्हणतो आणि दार बसवून देतो. दुसरं म्हणजे मजुरीवर: सेक्शन (म्हणजे चौकट आणि पल्ले ज्यातून कापतात त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या) आपण दुकानातून किलोवर घ्यायचं, काच, जाळी, चाकं, लॉक वेगळं आणायचं आणि कारागिराला फक्त मजुरी द्यायची.

उक्त्याचा फायदा मी नाकारत नाही. घर धुळ्याला आणि आपण नोकरीला सुरतेला, अशी गत असेल तर दुसरा विचारच करू नये. ट्रॅकमधून पावसाचं पाणी आत आलं, पल्ला अडकायला लागला, तर एकाच माणसाला फोन करायचा. तो येईलच असं नाही, पण बोलायला तोंड तरी राहतं. तुकडे वाया गेले तर तेही त्याच्याच खिशातून.

माझं मन उक्त्यावरून उडालं ते मापामुळे. मागच्या ओट्याकडची मोकळी चौकट होती 7 फूट 10 इंच बाय 6 फूट 9 इंच. टेप मी स्वतः धरली होती. फॅब्रिकेटरने माप बघितलं, मान डोलावली आणि कानावरची पेन्सिल काढून प्लास्टरवरच लिहिलं: 8 × 7. मी इंचांचं विचारलं तर म्हणे, "भाऊ, सगळा आसंच धरतस." खरंच सगळे तसंच धरतात, नंतर आलेल्या दोघांनीही तेच केलं.

आता हिशेब बघा. खरं क्षेत्रफळ 52.9 चौरस फूट, लावलेलं 56. भाव 480 रुपये होता, म्हणजे नसलेल्या दाराचे 1,500 रुपये आणि वर त्यावर 18 टक्के जीएसटी. दीड हजारासाठी कोण भांडतं, असं वाटेल. पण दार मोठं असतं म्हणून तिथे हा फरक कमी दिसतो. त्याच घरातली 3 फूट 8 इंच बाय 3 फूट 9 इंचाची खिडकी घ्या: खरं माप 13.75, बिलात 4 × 4 म्हणजे 16. सोळा टक्क्यांहून जास्त वाढ झाली! मग आपण दहा-वीस रुपयांची घासाघीस ज्या भावावर करतो, त्या भावाला अर्थ काय राहिला? 480 चा भाव त्या खिडकीला साडेपाचशेच्या वर जातो. मला पैशापेक्षा याचाच जास्त वैताग आला. इंच मोजायचे, सूतही मोजायचं, दार कापताना ते सगळं पाळायचं आणि बिलात मात्र विसरायचं.

दुसरी गोष्ट गेजची, म्हणजे पत्र्याच्या जाडीची. "27 एमएम डोमल" (डोमल हा सरकत्या दाराच्या सेक्शनचा एक प्रकार) हे सेक्शनच्या रुंदीचं नाव झालं, जाडी त्यातून कळत नाही. तेच सेक्शन 1.2 मिलिमीटर जाडीचं असेल आणि 1.5 चं असेल, तर धातूत जवळपास पाव हिश्श्याचा फरक पडतो. फुटाच्या भावात हा फरक दिसत नाही, काट्यावर लगेच दिसतो. जाड काचेच्या दाराला तो जाणवतोही. 5 मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे माझ्या दाराचा एकेक पल्ला नुसत्या काचेनेच पंचवीस किलोच्या पुढे. पातळ ट्रॅकवर एवढं ओझं रोज सरकवायचं, त्यात वैशाखातली धूळ. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी ते दार दिवसभर उघड-बंद होतं.

किलोवर घेतलं तेव्हाचे माझे आकडे देतो. तुमच्या वेळी बदललेले असतील; ॲल्युमिनियमचा भाव लंडनच्या धातू बाजाराबरोबर वर-खाली होतो आणि दुकानदारही ते तोंडावर सांगतात. सेक्शन 31 किलो, 350 ने 10,850. टफन (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच 48 चौरस फूट, 90 ने 4,320. स्टीलची जाळी 1,100. चाकं, लॉक, रबर, ब्रश, सिलिकॉन मिळून 2,800. यावर जीएसटी धरून साडेबावीस हजार. मजुरी खऱ्या मापाने 53 फूट, 80 ने 4,240 आणि टेम्पोचे 600. सगळं मिळून सव्वासत्तावीस हजारांच्या थोडं वर. उक्त्याचं कोटेशन जीएसटीसकट 31,718 होतं, आणि त्यात गेज कुठला ते लिहिलेलंच नव्हतं.

काचेच्या दुकानातही माप पुढच्या तीन इंचांवर नेतात, हे खरं. पण मला त्यांनी ते आधीच सांगितलं, आणि काच खरोखर मोठ्या तावातून कापली जाते, म्हणून मी गप्प बसलो.

किलोच्या वाटेतला मोठा धोका तुकड्यांचा. सेक्शनच्या लेंथ (अख्ख्या पट्ट्या) 12 फुटी आणि 16 फुटी येतात. 6 फूट 9 इंचाची उभी पट्टी 12 फुटीतून एकच निघते, उरलेले सव्वापाच फूट तुमच्या गळ्यात. 16 फुटीतून दोन निघतात आणि अडीच फूट उरतं. कारागिराला कटिंगची यादी आधी काढायला लावा, मगच लेंथ उचला. उरलेले तुकडे भंगारात जातात तेव्हा कोऱ्या मालाचा भाव कोणी देत नाही.

टफन काच तर एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. मापात चूक झाली की नवीनच घ्यावी लागते, आणि मजुरीच्या कामात ती तुमच्या माथी. म्हणून मापं कडाप्पा आणि टाइल बसल्यावरच, आणि कारागिराच्या हाताने लिहून घ्यायची. बाजारात दोन-चार चकरा मारायची तयारी हवीच. ज्याला ते जमत नाही त्याने उक्तं द्यावं, त्यात कमीपणा नाही.

उक्तंच द्यायचं ठरलं तरी एक करा. फॅब्रिकेटरला विचारा, या दाराला सेक्शन किती किलो बसेल? जो लगेच आकडा सांगेल आणि कोटेशनवर गेज, काचेची जाडी आणि इंचांसकट माप लिहून देईल, त्याचा भाव दहा-वीस रुपयांनी जास्त असला तरी मी त्यालाच काम देईन. ट्रॅकला पाणी बाहेर जाण्याची भोकं पाडणार का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. अर्थात, माझ्या पुढच्या खिडक्या मी किलोवरच करणार आहे.