खुब्याचा बॉल: सिमेंटचा की बिनसिमेंटचा?

पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून आजी घसरल्या, पाय आखूड होऊन बाहेर वळला, की रत्नागिरी असो वा कणकवली, एक्स-रेनंतर घरच्यांपुढे प्रश्न येतो तो हाच: खुब्याचा नवा बॉल हाडात सिमेंटने, म्हणजे पावडर आणि द्रव कालवून कडक होणाऱ्या लुकणाने, बसवायचा की त्याशिवाय? हे परीक्षण एकाच प्रकारच्या फ्रॅक्चरपुरतं आहे: साठीपुढच्या माणसाच्या मांडीच्या हाडाची मान (बॉलखालचा अरुंद भाग) मोडून तुकडे सरकलेले, आणि फक्त बॉल बदलायचा. मानेच्या खाली मोडलं असेल तर बहुतेकदा रॉड किंवा प्लेट-स्क्रू लागतो. तिथे हा वाद नाही.

आमचा कौल सिमेंटला.

नवा बॉल धातूच्या दांड्यावर असतो. बिनसिमेंटचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवतात. त्यावरच्या हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाच्या) लेपात पुढे हाड वाढून पकड येते. भक्कम हाडात हे छान जमतं. ऐंशीच्या आजींचं हाड मात्र आतून रुंद, कडेला पातळ. दांडा एक साइज मोठा ठोकला की चीर जाते, एक साइज लहान राहिला की तो खाली सरकतो आणि मांडी दुखत राहते. चीर ऑपरेशनच्या टेबलावरच दिसली तर तार गुंडाळून सावरता येते. नाही दिसली तर चालताना हाड दुभंगतं आणि आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या १२२५ रुग्णांच्या चाचणीत दांड्याभोवतीचं फ्रॅक्चर सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के, तर आधुनिक बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के आढळलं. चार महिन्यांनंतरचं जगणंही सिमेंटवाल्यांचं जास्त सुकर होतं.

लेप नसलेला जुना ऑस्टिन मूर नावाचा दांडा स्वस्त पडतो, पण हिंडत्या-फिरत्या माणसाला तो बसवू नये. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शिकाही हा दांडा टाळायला सांगते.

सिमेंटचं यश मात्र हातावर आणि घड्याळावर अवलंबून. ४० ग्रॅम पावडर आणि २० मिली द्रव असा एक पॅक. मांडीच्या हाडाला सहसा दोन लागतात. आधी पोकळी पाण्याच्या जोरदार झोताने धुऊन कोरडी करायची, कारण चरबी आणि रक्त राहिलं तर पकडही ढिली आणि धोकाही जास्त. दांड्याच्या टोकाखाली एक-दोन सेंटिमीटरवर सिमेंट खाली जाऊ नये म्हणून प्लग (बूच), मग सिमेंट भरायच्या गनने तळापासून वर भरत यायचं, दाबायचं, दांडा घालायचा आणि सिमेंट कडक होईपर्यंत हलू द्यायचा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात एक अडचण हमखास येते: गरम खोलीत सिमेंट लवकर आवळतं, आणि दांडा अर्ध्यावर अडकतो. म्हणून पॅक २५ अंशांखाली ठेवलेले हवेत आणि थिएटरचा एसी जनरेटरवरही चालायला हवा.

खरी भीती वेगळी आहे. सिमेंट दाबताना मज्जेतली चरबी रक्तात ढकलली जाते. रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम पडू शकतात, क्वचित हृदयही थांबतं. हृदय-फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर हा धोका वाढतो. म्हणून सर्जनने सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगावं आणि भूलतज्ज्ञाने रक्तदाब वाढवायची औषधं तयार ठेवावीत. फारच नाजूक रुग्णात बिनसिमेंटचा निर्णय समजण्यासारखा आहे. "सिमेंट भरायला वेळ जातो" हे कारण मात्र पटणारं नाही. फरक थोड्याच मिनिटांचा असतो.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: दांडा कोणता, गन आणि प्लग आहे का, पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ कोण असणार. इथे सोय नसेल तर कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीला लगेच निघा. घरी दोन-चार दिवस वाट पाहत झोपवून ठेवलं तर न्यूमोनिया आणि पाठीला जखमा होतात. सिमेंटवर दुसऱ्या दिवशी वॉकरने पूर्ण वजन टाकता येतं. घरी येण्याआधी उंच कमोड आणून ठेवा; पाटावर आणि भारतीय संडासात बसणं बंद.