बाथरूमचं ठोक पॅकेज: कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

पुण्या-मुंबईत बाथरूमचं नूतनीकरण पॅकेजमध्ये करून देणारे आता पुष्कळ झालेत. एकच आकडा, त्यात तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, नळ, कमोड सगळं आणि काम ७ दिवसांत पूर्ण. फ्लॅटमधल्या नेहमीच्या ४ बाय ७ फुटांच्या बाथरूमला हे पॅकेज लावून पाहिलं, की डोळ्यांना दिसणाऱ्या मालाचा हिशोब नीट सापडतो. फरशीखालच्या कामाचा सापडत नाही, आणि बिल फुगतं ते तिथेच.

टाइल्सचं गणित सोपं आहे. चारही भिंती मिळून २२ फूट, ७ फूट उंचीपर्यंत लावल्या तर १५४ चौरस फूट. दाराचे साधारण १७ वजा केले आणि जमिनीचे २८ मिळवले की १६५, तुटफूट धरून १८०. कोटेशनमध्ये ‘टाइल्स बेसिक ५० रुपयांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. बेसिक म्हणजे चौरस फुटाचा दर, १८ टक्के जीएसटी, वाहतूक आणि हमाली सोडून. नुसत्या जीएसटीनेच ५० चे ५९ होतात. तरीसुद्धा ५० ऐवजी ९० ची टाइल घेतली तर १८० फुटांना फरक पडतो ७,२०० रुपये आणि त्यावरचा कर. एवढ्यासाठी शोरूममध्ये जो वेळ जातो, त्यातला थोडा साईझवर घालवावा. १ बाय २ फुटांची टाइल या मापाच्या भिंतीवर जवळजवळ कापावी लागत नाही. २ बाय ४ ची उभी लावली तर ७ फुटांच्या उंचीत दुसऱ्या टाइलचा फूटभर तुकडा वाया जातो, आणि मोठ्या टाइलला भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी लागते. जुना गिलावा वाकडा निघाला तर तो काढून पुन्हा प्लास्टर करावं लागतं, कारण टाइल चिकटवायच्या अॅडहेसिव्हचा जाड थर देऊन भिंत सरळ करता येत नाही. हे प्लास्टर बहुतेक पॅकेजमध्ये नसतं.

अॅडहेसिव्ह कोणतं देणार, हेही लिहून घ्यावं. २० किलोच्या गोणीत ४० ते ५० चौरस फूट होतात, म्हणजे ४ ते ५ गोण्या. व्हिट्रिफाईड टाइल ०.५ टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते. सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर ती नीट पकडत नाही आणि ठोकली की पोकळ वाजते. तिला आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप २ किंवा त्यावरचं अॅडहेसिव्ह हवं. कोटेशनमध्ये नुसतं ‘अॅडहेसिव्ह’ लिहिलेलं असलं की साइटवर टाइप १ येतं.

आता मुख्य गोष्ट. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा कोब्याने, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या भरावाने भरलेला असतो. वरची फरशी आणि भिंतीच्या टाइल्स काढल्या तर सुटा झालेला राडारोडा ३० ते ३५ गोण्या निघतो. कोबाही फोडला तर ९ इंच खोलीला आणखी तेवढ्याच. बहुतेक सोसायट्या राडारोड्याला लिफ्ट देत नाहीत, त्यामुळे हमाली गोणीवर आणि मजल्यावर ठरते. चौथ्या मजल्यावर हा खर्च टाइल्सच्या फरकाला सहज मागे टाकतो. पॅकेजमध्ये ‘राडारोडा एक टेम्पो’ एवढंच असतं. त्यात दुपारी २ ते ४ आवाज बंद, रविवारी काम बंद असे सोसायटीचे नियम असले की फोडायचं काम लांबतं आणि बिगाऱ्यांची हजेरी वाढते.

कोबा फोडायचा की नाही, हा निर्णय काम सुरू होण्याआधीच व्हावा. खालच्या घरात छताला ओल असेल, किंवा पाइप जुने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतील, तर फोडण्याला पर्याय नाही. गळती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपच्या) सांध्यातून किंवा कमोडच्या पाइपभोवतून होते, आणि वरून कितीही कोटिंग मारलं तरी तो सांधा खालीच राहतो. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमच्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाकडे येतो, म्हणून इथे काटकसर करू नये.

नीट काम असं होतं: स्लॅब उघडा करून साफ, सांधे भरून कोपऱ्यांत वाटा (सिमेंटची गोलाई) मारायचा, दोन हात पॉलिमर कोटिंग, मग ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. त्यानंतर पाइप टाकून दाब देऊन तपासायचे, कोबा करून तो पाण्याने मुरवायचा, वर पुन्हा कोटिंग आणि पुन्हा पाणी. जमिनीला ७ फुटांत इंचभर तरी उतार हवा. हे सगळं करायला १५ ते १८ दिवस लागतात. ७ दिवसांत बाथरूम देणारा यातली पाण्याची चाचणी आणि कोब्याचं मुरणं गाळतो. दुसरीकडून दिवस वाचतच नाहीत.

भिंतीवरचा कमोड निवडणाऱ्यांनी एक बघावं: ४ इंची विटांच्या भिंतीत फ्लशची टाकी कोरून बसत नाही. पुढे वेगळी भिंत उचलावी लागते, ४ फुटांची रुंदी पाच-सहा इंचांनी घटते, आणि तिचं बांधकाम, टाइल्स, वरची ग्रॅनाइट पट्टी सगळं जादा लागतं. पट्टी, उंबरा, दाराची चौकट, कोपऱ्यावरच्या टाइलच्या कडेची ४५ अंशांची घासाई हे रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर मोजतात आणि शेवटच्या बिलात एकदम येतात. गीझरच्या पॉइंटची वायरही पॅकेजमध्ये धरली आहे का ते विचारावं.

इमारत १० वर्षांच्या आतली, पाइप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) आणि खाली ओल नसेल, तर पॅकेज घ्यायला हरकत नाही. अशा घरात तोडफोड न करता जुन्या टाइलवर टाइल लावण्याचा पर्यायही चांगला. राडारोडा वाचतो, फक्त जमीन वर येते म्हणून दार खालून कापावं लागतं. २५ वर्षांच्या इमारतीत मात्र ठोक आकडा घेऊच नये. तिथे प्रत्येक कामाचा दर वेगळा मागावा, कोबा घनफुटावर आणि राडारोडा गोणीवर मोजून घ्यावा, आणि शेवटचे १० टक्के दुसऱ्या पाण्याच्या चाचणीनंतर द्यायचे असं करारात लिहावं. ही अट जो ठेकेदार कुरकुर न करता मान्य करतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी काम त्यालाच द्यावं.