सीआयपी पोर्टल: परवाने दाखवतं चोख, पण टॅरिफ कोड आपला आपणच ठरवायचा

बाहेरून माल मागवायचा म्हटलं की बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार पहिला फोन कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटला लावतो. "ड्युटी किती बसेल, भाऊ?" एजंट आकडा सांगतो आणि त्यावरच ऑर्डर जाते. तो आकडा कुठल्या टॅरिफ कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या दरपत्रकातल्या मालाच्या कुठल्या क्रमांकावर काढला, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारायलाच हवं, कारण 2011 पासून आयातीत सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे ड्युटी आयातदाराने स्वतःच ठरवून भरायची. कोड चुकला तर फरकाची ड्युटी, व्याज आणि दंड मागणारी नोटीस आयातदाराच्या नावाने निघते. एजंटचा आकडा पडताळायला सीबीआयसीचं (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर आणि कस्टम्स मंडळाचं) कम्प्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल, म्हणजेच सीआयपी, फार उपयोगी पडतं. 4 ऑगस्ट 2021 ला ते सुरू झालं. त्यावर जवळपास 12,000 टॅरिफ आयटमची माहिती आहे आणि ती फुकट बघता येते.

पोर्टलचं खरं बळ परवान्यांच्या माहितीत आहे. टॅरिफ कोड किंवा मालाचं नाव टाकलं की त्या मालाला कुठलं लायसन्स, कुठलं सर्टिफिकेट आणि कुठल्या खात्याची परवानगी लागते, ते क्रमाने समोर येतं. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा पाहणारं एफएसएसएआय, वनस्पतीजन्य माल असेल तर कीड-रोग तपासणारं प्लँट क्वारंटाइन, औषध असेल तर ड्रग कंट्रोलर. संबंधित खात्यांचे पत्ते आणि देशभरातल्या कस्टम्स ठाण्यांचा नकाशाही आहे. हे सगळं बघायची वेळ मात्र पैसे पाठवण्याआधीची. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, सर्टिफिकेट सक्तीचं असलेला माल त्याशिवाय येऊन पडला की कंटेनर अडकतो आणि डिटेन्शन, डेमरेज म्हणजे कंटेनर आणि जागा अडवल्याचं रोजचं भाडं चढत जातं. मग पोर्टल उघडून उपयोग नाही.

कमकुवत बाजू नावाने शोधण्यात आहे. तुम्ही विचाराल तेवढंच पोर्टल सांगतं. तुमचा माल टॅरिफच्या नेमक्या कुठल्या हेडिंगमध्ये, म्हणजे चार आकडी गटात बसतो, हे ठरवणं त्याचं काम नाही. पंपाच्या सुट्या भागांचंच घ्या. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर सरसकट "पंप स्पेअर्स" लिहिलेलं असतं आणि त्यावरून 8413 91 हा पंपाच्या भागांचा कोड लावून मोकळे होणारे खूप आहेत. पण खोक्यात काय आहे ते एकेक करून बघा. साध्या व्हल्कनाइज्ड रबराचा सील किंवा ओ-रिंग असेल तर तो 4016 93 मध्ये जातो, कारण टॅरिफमधल्या यंत्रांच्या भागाच्या, म्हणजे सेक्शन 16 च्या, पहिल्याच टिपेने यंत्रात लागणाऱ्या अशा रबरी वस्तू त्या सेक्शनबाहेर काढल्या आहेत. मेकॅनिकल सील 8484 20 मध्ये आणि लोखंड-पोलादाचे नट-बोल्ट 7318 मध्ये. म्हणजे एका खोक्यात चार हेडिंगं निघू शकतात. सेक्शन आणि चॅप्टरच्या टिपा न वाचता कोड ठरवणं हीच सगळ्यात महागात पडणारी सवय.

चिनी पुरवठादाराने दिलेला लांबलचक कोड तसाच उचलू नका. जगभर सारखे असतात ते पहिले सहा अंक, पुढचे दोन आपल्या टॅरिफमधून घ्यायचे. आणि ते सहाही त्याने बरोबर लावले असतील असं नाही. एखादी वस्तू वारंवार मोठ्या प्रमाणात येणार असेल आणि वर्गीकरणाचा वाद संभवत असेल, तर मुंबई किंवा दिल्लीच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे, म्हणजे आयातीआधीच निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाकडे, अर्ज करावा. फी 10,000 रुपये आहे. पुढच्या भांडणापुढे ती काहीच नाही.

ड्युटीच्या हिशेबासाठी सीआयपीवर थांबू नये, आइसगेट या कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवरचा ड्युटी कॅल्क्युलेटर शेजारी उघडावा. हिशेब असा: मूळ शुल्क 7.5 टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 टक्के धरला, तर 1,00,000 रुपयांच्या असेसेबल व्हॅल्यूवर, म्हणजे ड्युटीसाठी धरलेल्या किमतीवर, मूळ शुल्क 7,500 आणि त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 750. बेरीज 1,08,250, तिच्यावर आयजीएसटी 19,485. भरायचे एकूण 27,735. यातला आयजीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो, मात्र बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) बरोबर हवा, नाहीतर 2बी या जीएसटी क्रेडिटच्या विवरणात रक्कम दिसतच नाही. मालाच्या किमतीत खऱ्या अर्थाने चढतात ते 8,250 रुपये.

कॅल्क्युलेटरमध्ये टाकायची किंमतही नीट काढावी लागते. असेसेबल व्हॅल्यू सीआयएफवर, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या किमतीवर असते. भाड्याचा आकडा मिळत नसेल तर एफओबीच्या (भाडं-विमा सोडून, जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) 20 टक्के आणि विम्याचा मिळत नसेल तर 1.125 टक्के धरतात. म्हणजे 1,00,000 चा माल 1,21,125 चा होतो. म्हणून मालवाहतुकीची सोय करणाऱ्या फॉरवर्डरकडून भाड्याचं आणि विम्याचं बिल वेळेत घ्या. विनिमय दर बँकेचा चालत नाही, कस्टम्सचा लागतो, आणि तोही बिल ऑफ एंट्री दाखल करण्याच्या दिवशी लागू असलेला.

ड्युटीतल्या सवलतीच्या सरकारी अधिसूचनेचा, म्हणजे नोटिफिकेशनचा, क्रमांकही तपासा. वर्षानुवर्षं पाठ झालेल्या 50/2017 ची जागा 1 नोव्हेंबर 2025 पासून 45/2025 ने घेतली आहे, तरी जुन्या चेकलिस्टमध्ये (एजंटने केलेल्या बिल ऑफ एंट्रीच्या कच्च्या प्रतीत) अजून जुनाच आकडा सापडतो. फार स्वस्तात लोटलेल्या परदेशी मालावरची अँटी-डम्पिंग ड्युटी मात्र देश आणि कित्येकदा उत्पादक कंपनीनुसार बदलते. तिथे मूळ नोटिफिकेशनचा तक्ताच वाचावा, पडद्यावरच्या एका ओळीवर भागवू नये. जपान किंवा आसियान करारातली सवलत घ्यायची असेल तर कॅरोटार 2020 या नियमांनुसार माल तिथलाच असल्याची माहिती आयातदाराकडे तयार हवी, नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही.

न्हावा शेवा असो, हजिरा असो की बडोद्याजवळच्या दशरथचा आयसीडी (बंदरापासून आतला कंटेनर डेपो), माल जिथे सोडवायचा तिथे तो पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करायची, हा सर्वसाधारण नियम. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000. त्यामुळे एजंट चेकलिस्ट पाठवेल तेव्हा कोड, जीएसटीआयएन, भाडं आणि नोटिफिकेशन या चार जागा त्याच दिवशी पोर्टलशी ताडून बघा आणि मगच होकार कळवा.