हेलसिंकीतील कुरिअरकाम आणि खिळ्यांचे टायर : दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

शिक्षण सांभाळून मी फिनलंडमधल्या हेलसिंकीत सायकलवरून जेवणाची पार्सले पोचवतो. गेले दोन हिवाळे माझ्या सायकलला खिळ्यांचे टायर आहेत. प्रत्येकात टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे २४० बारीक खिळे बसवलेले आहेत. महाराष्ट्रातून नव्याने आलेले विद्यार्थी हे काम धरण्यापूर्वी थंडी सोसवेल का, एवढेच विचारतात. थंडीला कपडे पुरे पडतात. रस्त्याची तजवीज मात्र टायरलाच करावी लागते.

उणे १५ अंशांचा कोरडा दिवस सायकलला तसा सोयीचा असतो, कारण घट्ट दाबला गेलेला बर्फ बऱ्यापैकी पकड देतो. त्रास होतो तो पारा शून्याच्या आसपास घुटमळतो तेव्हा. समुद्रकाठच्या या शहरात दुपारी बर्फ वितळतो, त्या चिखलात चाकोऱ्या उमटतात आणि संध्याकाळी त्या तशाच गोठतात. डिसेंबरात सूर्य सव्वातीनच्या सुमारास मावळत असल्याने रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरी नेमक्या अशा अंधाऱ्या, निसरड्या रस्त्यांवरून न्याव्या लागतात. कल्लिओ भागातल्या उतारावर, पाठीवर भरलेली पेटी असताना, ब्रेक दाबल्यावर चाक न घसरता सायकल थांबते, तेव्हा टायरची किंमत वसूल झाल्यासारखी वाटते. बर्फासाठीचा टायर मुळात याच देशातला; नोकिया या गावातल्या कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी तो प्रथम बनवला.

मर्यादाही आहेत. भुसभुशीत, वाळूसारख्या सरकणाऱ्या बर्फात खिळ्यांना रुतायला काही मिळत नाही, आणि मानेरहाइमिंतिए या रस्त्यावरच्या ट्रामच्या ओल्या रुळांवर ते पोलादावरून सरळ निसटतात. रूळ शक्य तितक्या काटकोनातच ओलांडावेत. शहराने निवडलेल्या सायकलमार्गांवर बर्फ ब्रशने झाडून मीठ टाकतात, तेथे उघड्या डांबरावर हे टायर सतत कडकडतात आणि जड लागतात. अशा दिवशी मी हवा थोडी जास्त ठेवतो, म्हणजे कडेच्या ओळींतले खिळे जमिनीला कमी टेकतात. बर्फ असेल तर हवा कमी करतो. नवे टायर सुरुवातीचे सुमारे ४० किलोमीटर जोरात ब्रेक न लावता कोरड्या रस्त्यावर चालवावेत, तरच खिळे नीट बसतात. पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढच्या चाकाला घालावा. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते, पुढचे घसरले तर नाही.

बाकीच्या सामानात हँडलवर चढवायच्या जाड पिशव्यांना तोड नाही. त्यांच्या आत पातळ हातमोजे पुरतात आणि दारावरचा कोड दाबताना ते काढावे लागत नाहीत. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. मिठामुळे साखळी पाहता पाहता गंजते. ती वारंवार पुसून तेल द्यावे लागते. भिजलेली सायकल उबदार घरात ठेवून पुन्हा बाहेर काढली तर केबलमध्ये शिरलेले पाणी गोठते, म्हणून मी ती इमारतीच्या थंड सायकलखोलीतच ठेवतो.

बर्फ सरल्यावर लगेच टायर बदलण्याची घाई मी करत नाही. घसरण टाळण्यासाठी हिवाळाभर टाकलेली धारदार खडी झाडून होईपर्यंत रस्त्यावरच असते. साध्या टायरची ट्यूब ती सहज फोडते, या जाड टायरांना मात्र ती फारशी बाधत नाही.